टपावर साटा, साट्यावर होड्या

शिरूरहून दौंडला आणि राहूवरून परत शिरूरला, असा फेरा आज कुणी विचारला तर मी म्हणेन, सकाळी निघा, दुपारच्या जेवणाला घरी या. आम्हाला तीन मुक्काम लागले होते. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. नाताळ नुकताच झाला होता, संक्रांत यायची होती, आणि आमच्या ट्रकच्या डोक्यावर बैलगाडीचा साटा होता.

आधी ट्रकबद्दल सांगते. मी शिरूरच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होते आणि मनोहर तिथलेच ड्रायव्हर आणि मेकॅनिक. आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. त्या वर्षभरात मी त्यांना एकदाही नावानं हाक मारली नव्हती, ती हौस आता ब्लॉगवर भागवून घेते. दवाखान्याकडे लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतलेला एक दणकट ट्रक होता. त्याच्या पाठीवर लाकडी खोली बांधली होती. आत दोन बाकं, औषधांचं कपाट, स्टोव्ह, पाण्याचा पिंप. त्याला आम्ही फिरता दवाखाना म्हणायचो आणि खेड्यातली माणसं 'सुईवाल्या बाईंची गाडी' म्हणायची.

आणि आता हौसाबद्दल, कारण सगळी यातायात तिच्यासाठी होती. हौसा राहूच्या पलीकडे भीमेच्या काठावरच्या वस्तीत राहायची. माझ्याच वयाची. वस्तीच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा. पावसाळ्यात दोन्ही फुगल्या की वस्ती चार महिने बेटासारखी. तेव्हा तिथं पूल नव्हता. मागच्या पावसाळ्यात हौसाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, गेनाआबांनी, तिला गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून नदी ओलांडायचा प्रयत्न केला. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई, आमच्याकडे पुरात ती होडीच्या जागी वापरतात. पण काहिलीला ना शेंडा ना बुडखा, ती ओढीला लागली आणि गरागरा फिरून पुन्हा त्याच काठाला आली. मूल गेलं. आता हौसाला पुन्हा दिवस राहिले होते, चौथा लागला होता, आणि हिशेब आषाढाचा येत होता.

त्यामुळे दौंडहून निरोप आला तेव्हा मी अक्षरशः नाचले. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पिंटो नावाचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहायचे. त्यांनी कुठल्याशा मासिकातलं चित्र पाहून बांबूच्या कामट्या आणि तंबूचं कापड वापरून दोन लांबट, निमुळत्या होड्या बनवल्या होत्या. त्यांना ते कयाक म्हणायचे. आता गुडघे धरल्यामुळे होड्या पडून होत्या आणि दवाखान्याच्या कामी येत असतील तर घेऊन जा, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरीणबाईंनी लगेच होकार दिला, फक्त एक अट घातली: ट्रकच्या टपाला एकही भोक पाडायचं नाही. पत्रा मुश्किलीनं गळायचा थांबला होता.

मनोहरांनी कागदावर सुबक चित्र काढलं. दोन आडव्या पट्ट्या, त्यांना होडीच्या पोटाच्या आकाराच्या खाचा. ते चित्र घेऊन आम्ही किसन सुतारांकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, मान डोलावली, चार दिवसांनी या म्हणाले. चार दिवसांनी गेलो तर दारात अस्सल बैलगाडीचा साटा उभा, चाकांवर बसवतात ती अख्खी चौकट. बाभळीच्या दांड्या, मध्ये फळ्या, चारही कडांना खुंट. खाचा नावालाही नाहीत.

मनोहरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चित्रात हे कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. किसन सुतार शांतपणे बिडी विझवत म्हणाले, "चित्र बघितलं मी. पर वझं वाहायचं म्हंजी साटा. साट्याबिगर वझं कशावर ठेवत्यात?"

भांडण्यात अर्थ नव्हता, दिवसही नव्हते. साटा टपापेक्षा वीतभर दोन्हीकडून बाहेर येत होता. त्याखाली जुन्या गोधड्या घातल्या, आणि भोक पाडायचं नसल्यामुळे तो गाडीवर बांधतात तसा चऱ्हाटानं आवळून टाकला. किसन सुतारांनी दोरखंडात काठी घालून असे पीळ दिले की ट्रकच कण्हला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मनोहर न्हावरा येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही साटा मीच केला होता.

न्हावऱ्याला त्यांचा राग मात्र टिकू शकला नाही. चहाला थांबलो तर पारावरची सगळी मंडळी ट्रकभोवती. बैलं कुठं हायती, असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, बैलं आत बसली असतील, थंडी लई हाय. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत साट्यावर तीन प्रवासी, एक कोंबड्यांचा खुराडा आणि वांग्यांची पाटी चढलेली. एसटीच्या टपावर सामान जातं, तर दवाखान्याच्या टपावर का जाऊ नये, असा त्यांचा सरळ विचार. मनोहर उतरवायला निघाले तोच वांगीवाल्या मामांनी आधीच सांगून टाकलं की इनामगावला उतरायचंय, तिथपर्यंत काय गाडी झिजती का. मग काय, गेलो तसेच.

रस्ता म्हणजे चाकोऱ्या आणि फुफाटा. घोड नदीच्या काठाकाठानं जाताना डाव्या हाताला पाणी चमकत राहतं, तेवढं सुख. इनामगावला पांढरीच्या, म्हणजे जुन्या ओसाड गावठाणाच्या टेकाडाशेजारी बाभळीच्या सावलीत आम्ही भाकरी सोडली. वांगीवाल्या मामांनी भाड्याऐवजी चार वांगी दिली, ती तिथंच तीन दगड मांडून भाजली. पायाखाली जिकडेतिकडे रंगीत खापरं. पुढे काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी तिथं खणलं आणि हजारो वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. आम्ही त्यावर बसून भरीत खाल्लं. तुम्ही गेलात तर तेवढं करू नका, पण नदीकाठी जरूर बसा. संध्याकाळचं ऊन त्या टेकाडावर फार छान पडतं.

भीमा ओलांडली ती उतारावरून. पौषात तिथं पाणी गुडघ्याच्या वर नसतं आणि लष्करी ट्रकला ते म्हणजे काहीच नाही. काठावर बायका धुणं धुत होत्या. त्यांनी टपावरचा साटा पाहिला आणि पदर तोंडाला लावून जे हसू सुरू केलं ते आम्ही पलीकडे चढेपर्यंत. मीही खिडकीतून हात हलवून हसले. लग्नानंतरचा आमचा पहिलाच लांबचा प्रवास होता. लोक महाबळेश्वरला जातात, आम्ही वांगी आणि कोंबड्या पोचवत दौंडला चाललो होतो, आणि मला कुणाचाही हेवा वाटत नव्हता.

दौंड म्हणजे तेव्हा कोळशाच्या धुराचा वास आणि शिट्ट्या. दिवसभर गाड्यांची ये-जा, स्टेशनवर उकळत्या किटलीतला गोड चहा आणि बटर. पिंटो साहेबांचं क्वार्टर रुळांच्या इतकं जवळ की गाडी गेली की कपबशा वाजायच्या. त्यांच्या मिसेसनी आम्हाला बटाट्याचे कटलेट आणि नाताळचा उरलेला केक दिला. होड्या मागच्या अंगणात दोन बाकड्यांवर पालथ्या ठेवलेल्या. हिरवा रंग, कापड ढोलकीच्या कातड्यासारखं ताणलेलं. मी एका टोकाला धरून उचलून पाहिली तर होडी सहज वर आली. इतक्या हलक्या गोष्टीवर आषाढातली भीमा ओलांडायची, या विचारानं मी ती हळूच पुन्हा खाली ठेवली.

सकाळी होड्या चढवल्या. पिंटो साहेब काठी टेकत बाहेर आले, साटा पाहिला आणि बराच वेळ हसले. पण मनोहरांच्या खाचांत होड्या अंगाला अंग लावून बसल्या असत्या, साट्यावर मात्र दोन्हीमध्ये हातभर जागा राहिली आणि खुंटांमुळे त्या बाजूला सरकेनात. पालथ्या घालून, गोधड्या लावून, पीळ देऊन बांधल्या. पिंटो साहेबांनी प्रत्येक गाठ हातानं ओढून पाहिली. "एकदम फर्स्ट क्लास," ते म्हणाले. मग होडीवर थोपटून त्यांनी तोंड फिरवलं आणि आम्ही निघेपर्यंत रुळांकडेच पाहत राहिले.

पाटस, चौफुला करत यवतला आलो तेव्हा दुपार टळली होती. पुणे-सोलापूर रस्ता तेव्हाही चांगला होता, दोन्ही बाजूंनी झाडं. यवतच्या हॉटेलात गरम भजी आणि चहा, दोघांचं मिळून आठ आण्यांत पोट भरलं. तिथल्या एका ट्रकवाल्यानं टपावर काय आहे विचारलं. मनोहर म्हणाले होड्या, तर तो आभाळाकडे बघून म्हणाला, पौषातच एवढी तयारी? हा विनोद मनोहरांना इतका आवडला की पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी तो स्वतःचा म्हणून शेकडो वेळा सांगितला.

यवतहून राहूकडे आत वळलं, मुळा-मुठेचा उतार पार केला की हवेचा वासच बदलतो. ऊस, चुलवणाचा धूर आणि शिजणारा गूळ. त्या दिवसांत राहूच्या परिसरात जिकडे बघावं तिकडे गुऱ्हाळं पेटलेली असायची. आजही हिवाळ्यात गेलात तर एखाद्या गुऱ्हाळावर थांबा, ताजी काकवी मागा, नाही म्हणणारा माणूस अजून मला तिथं भेटलेला नाही. सोबत भाकरी असेल तर उत्तम.

गेनाआबांचं गुऱ्हाळ नदीच्या अगदी काठावर, तिथं भीमेला बारमाही डोह. पांढऱ्या मिशा, पागोटं, आणि आवाज असा की पलीकडच्या तालुक्यात ऐकू जावा. त्यांनी आम्हाला बसवलं, रस दिला, काकवी दिली, मिशनची तब्येत विचारली. मग मी होड्यांचा विषय काढला. सगळं समजावून सांगितलं. आषाढात कळा सुरू व्हायच्या आधीच होडीतून हौसाला पलीकडे, शिरूरच्या काठाला आणायचं, तिथून ट्रकनं दवाखान्यात. आबा ऐकत राहिले, मग उठून चुलवणात पाचट सारू लागले.

"बाई, तुम्ही लई चांगल्या हायसा," ते पाठमोरेच म्हणाले. "पर पाण्यावर माझी सून मी पुन्यांदा घालायचा न्हाई. एकदा घातली."

काहील त्यांनीच वल्हवली होती. मी हौसाकडे पाहिलं. ती दारात उभी होती. मी तिला हळूच विचारलं, लागणाऱ्या गोष्टींची काही तयारी केलीस का. तिनं मान हलवली. कापडाचा तुकडासुद्धा फाडला नव्हता. मागच्या खेपेला सगळं शिवून ठेवलं होतं, म्हणाली, आता हातच होत नाही. हे ती न रडता, चुलीवर आधण ठेवल्याचं सांगावं तसं बोलली, म्हणून मला जास्त लागलं.

रात्री ट्रकमध्येच झोपलो. सकाळी मनोहरांनी कुणालाच न विचारता एक होडी काढून पाण्यात घातली आणि वल्ही मारत निघाले. होडी सरळ सुटली. काठावर सगळी वस्ती जमली. गूळ उतरवणारा गुळव्या आपला झारा घेऊनच आला. कुणीतरी आबांना म्हणालं, आबा, काहिलीचं काय मग? आबांना ते झोंबलं. त्यांनी एक रिकामी काहील पाण्यात ढकलवली, धोतर खोचून आत बसले आणि फळीनं वल्हवू लागले. काहील दहा हात गेली आणि फिरायला लागली. आबा ताठ बसलेले, पागोटं जागच्या जागी, फक्त तोंड एकदा आमच्याकडे, एकदा शिरूरकडे, एकदा पुन्हा आमच्याकडे. वस्तीतली माणसं आधी घाबरून गप्प होती, मग कुठूनतरी पहिलं हसू फुटलं आणि मग थांबेचना. आबा काठाला लागले तेव्हा त्यांची पाठ आमच्याकडे होती. उतरले आणि स्वतःच हसू लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

वाटलं, जमलं. पण हौसा काठावर येऊन होडीत वाकून बघत होती. आत एका माणसापुरती जागा, तीही पाय लांब करून, कमरेपर्यंत आत घुसून बसायची. तिनं स्वतःच्या पोटापुढे हात धरून दाखवला. आषाढात हे एवढं असणार. "मी मावंन का ह्यात?" ती म्हणाली.

सगळे पुन्हा हसले, मी सोडून. मला कळेना हे इतकं साधं आपल्याला आधी कसं सुचलं नाही. दौंडपर्यंत जाऊन, अख्खा तालुका हसवून, आम्ही नर्सला पलीकडे नेणाऱ्या होड्या आणल्या होत्या. आणि नर्स वस्तीवर पोचून काय करणार? मागच्या खेपेसारखं अडलं असतं तर दवाखानाच लागला असता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही.

हौसा मात्र ट्रककडे बघत होती. टपावर दुसरी होडी आणि तिच्याखाली किसन सुतारांचा तो साटा.

"त्यो साटा वर कशाला ठेवलाय?" ती म्हणाली. "चाकांवर बसतुय, तर होड्यांवर बसंल न्हवं?"

आबा आणि मनोहर दोघेही एकदम ट्रककडे धावले. पीळ सुटले, साटा खाली आला. भोक पाडून, बोल्ट लावून बसवला असता तर तो निघायला अर्धा दिवस गेला असता. दोन होड्या हातभर अंतरानं शेजारी उभ्या केल्या, त्यांच्या पुढच्या भागावर साटा आडवा टाकला आणि चऱ्हाटानं आवळला. आवळायचं काम आबांनी कुणाला करू दिलं नाही. मागे दोन्ही होड्यांत वल्हवणाऱ्यांची जागा मोकळी, पुढे चांगलं पडवीएवढं बसायला. वस्तीतल्या चार पोरांना त्यावर उभं करून नाचवलं. साटा नुसता डुलला.

मी वर चढून बसले. माझ्या मागोमाग हौसा चढली. आबांना तिनं विचारलं नाही, त्यांच्याकडे पाहिलंही नाही, लुगडं सावरून खुंटाला धरून मांडी घालून बसली. एका होडीत मनोहर बसले. दुसऱ्या होडीत कोण, असा प्रश्न होता. आबा थोडा वेळ काठावर उभे राहिले. मग पागोटं काढून गुळव्याच्या हातात दिलं आणि त्या अरुंद भोकात पाय घालून बसले.

भीमेचं पाणी त्या सकाळी काचेसारखं होतं. मधोमध गेल्यावर वस्तीचा गलका मागे पडला, नुसता वल्ह्यांचा आवाज. हौसा खाली वाकून पाण्यात हात घालून बसली होती. ज्या नदीचं आपण एवढं भय घेतलं, तिचं पाणी हातातून जाऊ देत होती. पलीकडच्या वाळूला टेकलो तेव्हा आबांनी साट्यावर हात ठेवून म्हटलं, "ही तर गाडीच हाय." आणि उपरण्यानं डोळे पुसले.

परत आल्यावर गुऱ्हाळावर जे जेवण झालं त्याचं वर्णन करत नाही, वाचणाऱ्याला भूक लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना हौसा मला बाजूला घेऊन गेली. तुमचं एखादं जुनं लुगडं आहे का, असं तिनं विचारलं. मऊ पडलेलं हवं, दुपट्याला. मी म्हटलं, अगं, लेकुरवाळीचं घ्यावं, मला अजून मूल नाही. ती म्हणाली, "तुमचंच द्या."

उतारावरून भीमा ओलांडून न्हावऱ्याच्या वाटेनं आम्ही शिरूरला पोचलो, साटा टपावर, होड्या साट्यावर. डॉक्टरीणबाईंनी आधी पत्रा तपासला आणि मग आम्हाला शाबासकी दिली. मनोहरांनी आपलं चित्र फाडून बंबात घातलं आणि किसन सुतारांना काकवीचा डबा नेऊन दिला. मी ट्रंक उघडून सगळ्यात जुनं, सगळ्यात धुतलेलं लुगडं काढलं आणि पुढच्या फेरीला हौसाला पोचतं केलं.

आता तिथं पूल आहे. गाडी इतकी झरकन पलीकडे जाते की खाली पाहायलासुद्धा वेळ मिळत नाही. तरी त्या वाटेनं जाल तर पूल ओलांडल्यावर गाडी बाजूला लावा आणि काठापर्यंत चालत जा. नदी वरून दिसते त्यापेक्षा रुंद आहे.

आषाढ लागला तेव्हा आम्ही कळांची वाट पाहिली नाही. पाऊस जरा मंदावला, ओढ जराशी उतरली, तसे मनोहर एका गड्याला घेऊन साट्यानं पलीकडे गेले आणि येताना त्याच्या जागी आबा वल्ह्याला बसून दोघे हौसाला घेऊन आले. मुलगी झाली, चांगली आवाजी, आजोबांवर गेलेली. पण एवढ्या प्रवासातलं माझ्याजवळ काय राहिलं असं कुणी विचारलं तर मला आठवते ती त्या आधीची घटका. मी शिरूरच्या काठावर पावसात उभी, गढूळ पाण्यातून साटा हळूहळू जवळ येतोय, आणि त्यावर हौसा बसलेली. एक हात खुंटाला, आणि दुसऱ्या हातानं छातीशी धरलेलं, भिजू नये म्हणून इरल्याखाली घेतलेलं, शिवून तयार झालेलं दुपटं.